साठा संपेपर्यंत

बटणांच्या कारखान्यात पगारवाढ मागायला गेलेला माणूस कधी रिकाम्या हातानं परतत नसे. मालक त्याला पैशांवरचा एक इंग्रजी वाक्प्रचार देत. ड्रायव्हरला ‘टाइटन युअर बेल्ट’ मिळाला होता. पॅकिंगच्या मावशींना ‘वी आर इन द रेड’. मात्र एकदा दिलेला वाक्प्रचार मालक पुन्हा कुणाला देत नसत. तसं करणं त्यांना कंजूषपणाचं वाटे.

हिशेबनिसाच्या बायकोला जुळं होणार, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याचं धाबं दणाणलं. दुपारी डबा खाताना त्यानं गंभीरपणे योजना मांडली.

“साहेबांकडे असे वाक्प्रचार असून असून किती असणार? तुम्ही रोज जाऊन वाढ मागा. साठा संपला की मी जातो.”

“म्हणजे बोलणी आम्ही खायची आणि वाढ तुला?” ड्रायव्हर म्हणाला.

“बोलणी कुठली? इंग्रजी आहे ते.”

“जुळं आहे रे त्याचं,” मावशी म्हणाल्या. “जाऊ या. आपलं काय जातंय?”

मग केबिनबाहेर रांग लागू लागली. ड्रायव्हर ‘शूस्ट्रिंग बजेट’ घेऊन आला. मावशी विचारात पडून बाहेर आल्या. “एक हात आणि एक पाय म्हणाले. कुणाचा ते नाही सांगितलं.” वॉचमन तर आदल्याच दिवशी कामाला लागला होता, तोही वाढ मागून आला.

मालक खंगत चालले. चहा समोर गार व्हायचा आणि ते छताकडे बघत ओठ हलवत बसायचे. शेवटी एका सकाळी मावशी हळूच दार ओढून बाहेर आल्या.

“आज नुसतं ‘मनी... मनी...’ म्हणाले आणि गप्प झाले. पाणी देऊन आले मी.”

हिशेबनिसानं शर्ट नीट खोचला आणि तो आत गेला.

“साहेब, पगारवाढ हवी होती.”

मालकांनी तोंड उघडलं, मिटलं. डोळ्यांत पाणी आलं.

“तुला द्यायला माझ्याकडे काही उरलं नाही रे.”

“मग वाढच द्या.”

“देतो,” मालक खचल्या आवाजात म्हणाले. “पण तुझं इंग्रजी चांगलं आहे. रोज सकाळी मला नवे वाक्प्रचार शिकवायचे. माणसं आशेनं दारात येतात. त्यांच्यापुढे मी मुक्यासारखा बसलेला बरा दिसतो का?”

हिशेबनिसाच्या डोळ्यांपुढे एक पाळणा आला, मग दुसरा. तो ‘हो’ म्हणाला.

हिशेबनिसाला वाढ मिळाल्याची बातमी दुपारपर्यंत कारखानाभर झाली. साहेबांकडचं सगळं संपलं, आता ते कुणालाच अडवू शकत नाहीत, हे उघड होतं. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून केबिनमध्ये गेला. लगेच बाहेर आला.

“काय झालं रे?” मावशींनी विचारलं.

“‘फीलिंग द पिंच’,” ड्रायव्हर म्हणाला. मग त्यानं हिशेबनिसाकडे बराच वेळ पाहिलं.

“उच्चार फार सुधारलाय साहेबांचा.”