दामूकाकांचं मशीन

आमच्या शेजारच्या दामूकाकांकडे गेलं की ते तोंडानं 'या' म्हणत नसत. कोपऱ्यातल्या मशीनवर बसून टाइप करत. मशीन कर्रकर्र ओळ छापे, आणि काका कागद फाडून आपल्या हातात देत. 'या. बसा. चहा घेणार?' आपण हो म्हटलं की, "तोंडानं नाय रे, टाइप कर!"

मशीन म्हणजे पडदा नसलेला जुना कॉम्प्युटर. कीबोर्ड आणि प्रिंटर एकाच पेटीत. काका शहापूरला धान्याच्या एका गोदामात ऑपरेटर होते, तिथलंच हे. टेलिफोनच्या तारेनं जोडलेलं असंच दुसरं मुरबाडच्या गोदामात होतं. इथे टाइप केलेलं तिथे छापलं जायचं. गोदामं बंद पडली तेव्हा मुरबाडचं कुठे गेलं कुणास ठाऊक, शहापूरचं काकांनी भंगारवाल्याच्या गाडीवरून उतरवून घेतलं.

त्या मशीनच्या अक्षरांत 'ळ' नव्हता. सगळीकडे 'ल'. "आमी गोदामात तांदूल भरला रे, तांदूळ कधी नायच," काका सांगत. एका दुपारी मुरबाडहून ओळ आली, 'वेल आहे का?' काकांनी उलट विचारलं, 'कारल्याची की दोडक्याची?' पलीकडे सरला नावाची नवी ऑपरेटर होती. तिला काही विचारायचं होतं, त्यासाठी वेळ हवा होता.

काका इरेला पेटले. ठिपक्याला ठिपका जोडत त्यांनी 'ळ' बनवला आणि तिथल्या मशीनमध्ये भरायला एसटीनं मुरबाड गाठलं. "अक्षर भराया गेलो न् लगीन ठरवून आलो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर सरलाकाकूंचंही ठरलेलं, "ळ वाकडाच हाय पन तुमचा."

काकू गेल्या पावसाळ्यात वारल्या. त्यानंतर काका एक ओळ टाइप करत आणि कागदाकडे बघत बराच वेळ थांबत. मला वाटे, पुढचा शब्द सुचत नसेल.

परवा पुण्याहून एक बाई आल्या. जुनी मशीनं जमवतात त्या. काकांनी दारातच सांगितलं, "द्यायचं नाय."

"नुसतं बघू तरी द्या, काका. अगदी असंच एक आहे माझ्याकडे. चालू आहे."

काका दारातून बाजूला झाले. "बोलतं का कुनाशी?"

"कुणाशी बोलणार? एकटंच आहे."

काका खुर्चीत बसले. पंच्यानं एकेक कळ पुसत राहिले. मग म्हणाले, "न्या हे. पन दोघांना समोरासमोर ठेवा, तार जोडा. आपन टाइप करायचं न् पलीकडून कायच यायचं नाय, फार वाईट वाटतं ओ ताई."

मशीन घेऊन निघालेला टेम्पो आसनगावच्या रस्त्याला लागेपर्यंत काका अंगणात उभे होते. माझ्या बायकोनं नेहमीसारखी हाक मारली, "काका, जेवायला या." काकू गेल्यापासून ते कधी आले नव्हते.

त्या दिवशी आले. येताना स्वतःचं ताट घेऊन आले, आणि जाताना ते आमच्याच फळीवर ठेवून गेले.