तीन पायऱ्यांची बांडी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ओळीओळीला होणार, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीला शाळा सुटली ती सुटलीच. हे कुणी वाचेल असं नाही. पण वाचलंच, तर आमच्या आत्यांना हसताना जरा जपून हसा. त्यांना वेड नव्हतं. त्या फक्त बसगाड्यांना जनावरं समजत.

गाडीला इंजिन असतं, डिझेल लागतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण स्टँडात गाडी शिरली की ओट्यावरून मान उंच करून त्या म्हणत, "आली गं भुंडी."

भुंडी म्हणजे बाहेरचे दोन्ही आरसे मोडलेली गाडी, शिंगं नसलेली. काचेच्या वर, कपाळावर रंग उडून पांढरा ठिपका पडलेली ती चांदवी. सुटताना हिसका देणारी ती मारकी. बाजाराच्या दिवशी एखादी गाडी खच्चून भरून एका अंगाला कलली की आत्या ड्रायव्हरला ओरडून सांगत, "गाभण हाय रं बिचारी, दमानं न्ये." आणि दुरुस्तीसाठी महिना महिना पडून असे ती भाकड.

आत्या म्हणजे ह्यांच्या, माझ्या मालकांच्या, सख्ख्या आत्या. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. वडूजच्या पलीकडं एका वस्तीवर जनावरांच्या जिवावर त्यांनी एकटीनं दिवस काढले. गुडघे गेले तेव्हा ह्यांनी त्यांना आमच्याकडं आणलं. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. आमचं घर स्टँडसमोर, पुढच्या खोलीत ह्यांचं सायकलचं दुकान. गोठा मोकळा करून आलेल्या बाईला समोर काय दिसलं, तर गाड्या. सकाळी बाहेर पडणार, दिवसभर हिंडणार, संध्याकाळी ओळीनं दावणीला येणार. त्यांचा जीव तिथंच रमला.

दिवेलागणीला मुक्कामाची एखादी गाडी आली नाही की आत्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. मला म्हणत, "जा गं, खिडकीला इचारून ये, चांदवी कुठं ऱ्हायली." मला परक्या माणसाशी बोलायची लाज वाटे. मी स्टँडातल्या चौकशीच्या खिडकीपर्यंत जाई, पदर सारखा करी, आणि परत येऊन सांगे, "येतीय म्हणाले." गाडी यायचीच. आत्या जेवायच्या.

त्या चुकतही पुष्कळ. एकदा घरी आलेल्या पाहुण्यांना त्यांनी "हीच कोरेगावची, बसा बिनघोर" म्हणून दहिवडीच्या गाडीत बसवून दिलं. संध्याकाळी पाहुणे तोंड पाडून परत दारात. आत्या म्हणाल्या, "जनावर बराबर हुतं. वाट चुकलं आसंल."

एका बेंदराला, बैलांच्या सणाला, तर कहर झाला. मी पुरण वाटत होते, तेवढ्यात आत्या पिवळा रंग कालवलेलं वाडगं घेऊन गेल्या त्या थेट डेपोत. बैलाच्या अंगावर उठवतात तसे पेल्याच्या काठाचे गोल गोल ठसे त्यांनी उभ्या गाड्यांवर उठवले. आरशांच्या दांड्यांना गोंडे बांधले. डेपोचे साहेब नवीन, सांगलीकडचे. ह्यांना दुकानातून बोलावणं आलं. ह्यांच्या मागं पोळ्यांचं ताट घेऊन मीही गेले, कारण आत्या ताट मागत होत्या.

"आजी, ही सरकारी मालमत्ता आहे," साहेब म्हणाले.

"व्हय, म्हनून तर. घरच्या जनावराचं घरची मानसं करत्यात. सरकारी जनावराला कोन हाय?"

साहेबांना हसू आवरेना. "आमच्याकडं बेंदूर गेल्या महिन्यातच झाला, आजी."

"आन् तवापासनं ह्यास्नी उपाशी ठिवलंसा व्हय?"

मग साहेबांनी पोळी खाल्ली, ड्रायव्हरांनी खाल्ली, धुणाऱ्या माणसांनी दोन दोन खाल्ल्या आणि ठसे धुऊन काढले. तरी मारकी घाईघाईनं तशीच गोंडे हलवत दहिवडीला गेली. तिकडं लोकांना वाटलं, लग्नाचं वऱ्हाड आलं.

ह्या सगळ्या कळपात आत्यांची लाडकी एकच, बांडी. सांगलीच्या बाजूनं जुनी होऊन आमच्याकडं आलेली. दाराजवळचा पत्रा कधीतरी बदललेला आणि त्याला रंगच दिलेला नव्हता, म्हणून लाल अंगावर पांढुरका डाग आणि बांडी हे नाव. लाड डागासाठी नव्हता. बाकीच्या गाड्यांची पहिली पायरी माझ्याच गुडघ्याच्या वर येई, आत्यांना तर ती भिंतच. बांडीला मात्र खाली आणखी एक लोखंडी पायरी जोडलेली होती. आत धरायच्या दांड्याला हात निसटू नये म्हणून सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. हे कुणी केलं, कुणालाच माहीत नव्हतं. आत्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, "सांगलीकडं एकाद्या मेस्त्रीची आई माज्यासारकी आसंल."

बांडी रहिमतपूरला जायची, आणि आत्यांना दर पुनवेला रहिमतपूरला जायचंच असायचं. वस्ती सोडताना शेवटची म्हैस त्यांनी तिथल्या दगडूआप्पांना उधारीवर दिली होती. सकाळी जात आणि दुपारी कनवटीला दहाची एक नोट लावून परत येत. ह्यांचं डोकं फिरे.

"आत्या, त्या दगडूआप्पाला मी भेटतो एकदा. आसं कुठं पैसं देत्यात?"

"तू मदी पडू नगंस. माजा येव्हार हाय."

बांडी बंद असली की पुनव हुके. दुसऱ्या गाडीला जाधव कंडक्टर हात द्यायचे, वर उचलून घेतो म्हणायचे. आत्या काठी आपटून मागं फिरत. "सोड. मी काय पोतं हाय?"

मग एका वर्षी सगळ्या गाड्या आळीपाळीनं साताऱ्याला रंगायला गेल्या. परत आल्या त्या नव्या नवरीसारख्या. खालून वरून लाल, मधून पिवळा पट्टा, आरसे नवे, ठिपके बुजवलेले, डाग गेलेले. स्टँडावर माणसं कौतुकानं बघत होती. आत्या ओट्यावर उभ्याच राहिल्या.

"आगं, समद्यास्नी एकाच आईची लेकरं करून आनली की!"

त्यानंतर त्या ओट्यावर बसत, पण नाव कुणाचं घेत नसत. मीच विचारायची, "आत्या, कुठली आली?" तर म्हणत, "गाडी आली." एवढंच.

पुनव जवळ आली. जाधव कंडक्टर दुकानात पंक्चर काढायला आले तेव्हा म्हणाले, "आत्या, त्यी खालची पायरी काढली म्हनत्यात साताऱ्याला. कागदात बसत न्हाई."

"पायरी कागदात कशाला बसंल? ती गाडीला बसवल्याली हाय," आत्या म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

पुनवेला सकाळी त्या काठी घेऊन निघाल्या. ह्यांनी मला सोबत जा म्हणून सांगितलं. डेपोत गाड्या ओळीनं उभ्या होत्या. आत्या एकेका दारापाशी थांबत आणि काठी खालून फिरवत. काठी मोकळीच फिरायची. पुढची गाडी. परत मोकळीच.

"आत्या, दात बघताय का जनावराचं?" जाधव लांबून ओरडले.

"दात बघून काय करू? समदी जून हायती. खूर बघतीया!"

ओळ संपत आली. मला आत्यांच्या तोंडाकडं बघवेना. एका दाराशी मात्र काठी खाली लोखंडाला लागली. आत्या वाकल्या, हातानं चाचपलं, नव्या रंगाचा लाल हात मला दाखवला.

"हाय गं, हाय! केस बदललं म्हनून खूर बदलत न्हाई."

दांड्याची ट्यूब गेली होती. आत्यांनी पदर गुंडाळून दांडा धरला आणि तीन पायऱ्या चढून वर गेल्या. पुढच्या सीटवर एक तरणा गडी आधीच येऊन बसला होता. वर ताज्या रंगात लिहिलं होतं, "अपंगांसाठी राखीव." आत्यांना वाचता येत नव्हतं. मी ते मोठ्यानं वाचलं. माझाच आवाज ऐकून मी दचकले. गडी उठला.

रहिमतपूरला आत्या दगडूआप्पांच्या घरात गेल्याच नाहीत, सरळ गोठ्यात गेल्या. काठीचा आवाज ऐकूनच म्हशीनं मान वळवली. आत्यांनी पिशवीतून भाकरी काढली, गूळ काढला, खाली बसल्या आणि तिला घरातल्या बातम्या सांगायला लागल्या. पायरीची गोष्टसुद्धा सांगितली.

दगडूआप्पा आले. मला बघून म्हणाले, "बरं झालं सूनबाई, तुमी आलासा. आता साक्षीला ऱ्हावा."

"काय झालं?" मी विचारलं.

"समदं पैसं मी पैल्याच दिवाळीला देत हुतो. ह्या धाच्या वर घेत न्हाईत. म्हनत्यात, ऱ्हाऊ दे, पुढच्या पुनवंला. आता माज्या पोरीला बघाय पाव्हनं आलं, तर त्यास्नी गल्लीत कुनीतरी सांगितलं, हितं म्हातारी दर म्हैन्याला वसुलीला येती, घर बुडीत हाय. सोयरीक मोडाय आलीया. आत्या, पाया पडतो, घ्या पैसं."

आत्यांचा हात म्हशीच्या मानेवर थांबला. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पैसं फिटस्तवर जनावर इकनाऱ्याचंबी आसतंय गं थोडं."

मी भाकरीचं फडकं घडी करून पिशवीत ठेवलं.

"पोरीचं हाय म्हनल्यावर... आन आता पैसं," आत्या म्हणाल्या. काठी टेकून उठल्या, गोठ्याच्या दारात गेल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "आवं बायानू, या हिकडं! बघा, दगडूनं माजं समदं पैसं दिलं. लय चोख मानूस. पाव्हन्यास्नी सांगा!"

बायका जमल्या. आत्यांनी पदर पसरला. दगडूआप्पांनी त्यात नोटा ठेवल्या. आत्यांनी पदराला गाठ मारली, परत आत गेल्या आणि म्हशीच्या कपाळावरून पाठीपर्यंत एकदाच हात फिरवला.

"आता दिली गं तुला," त्या म्हणाल्या.

पैसे पूर्ण फिटले होते.