घोरपडीच्या पाच अडचणी

एका जंगलात एक विद्यापीठ होतं, आणि त्याच्याबद्दल माझ्याइतकं जाणणारा अख्ख्या पंचक्रोशीत सापडायचा नाही. म्हणजे, आत मी कधी गेलो नाही. चौथीतच शाळा आणि मी एकमेकांना कंटाळलो, फक्त शाळेनं ते आधी बोलून दाखवलं. पण विद्यापीठाच्या कुंपणाला एक भोक होतं. भोकातून पाहायला शाळेचा दाखला लागत नाही.

तर बाळांनो, मांडी घालून बसा. पोटामुळे ज्या बाळांची मांडी होत नाही, त्यांनी भिंतीला टेकलं तरी चालेल.

या विद्यापीठाचे कुलगुरू होते वटवाघूळ. ते दिवसभर सभागृहाच्या आढ्याला उलटे टांगलेले असत आणि तिथूनच कारभार पाहत. पदवीदानाला त्यांना सगळे विद्यार्थी खाली डोकं वर पाय दिसत. त्यांना वाटे, केवढी ही मेहनत घेतात पोरं.

एकदा दुसऱ्या जंगलातून पत्र आलं. विद्यापीठाची तपासणी करायला समिती येणार होती. पत्रात एक प्रश्न होता : ‘नवीन विद्यार्थी बावचळतात. त्यांच्यासाठी आपण काय करता?’

कुलगुरूंनी प्राध्यापकांना विचारलं, “काय करतो आपण?”

प्राध्यापकांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाले, “बावचळू देतो.”

हे खरं होतं, पण समितीला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून रातोरात योजना निघाली. तिचं नाव ‘हात धरा योजना’. प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याच्या पदरात एक नवीन विद्यार्थी टाकायचा. जुन्यानं नव्याचा हात धरायचा. हात नसलेल्यांनी शेपूट धरायचं. सापांच्या बाबतीत निर्णय राखून ठेवला होता.

हात धरल्याचा पुरावा म्हणून एक वही. वहीत चार रकाने : नव्याची अडचण, जुन्याचा सल्ला, अडचण सुटली काय, नव्याची सही. अशा पाच अडचणी भरल्या की जुन्या विद्यार्थ्याला कोणत्याही एका विषयात दहा गुण कृपेचे.

दहा गुण म्हटल्यावर सगुणा घोरपडीनं कान टवकारले. घोरपडीचे कान बाहेरून दिसत नाहीत, पण त्या दिवशी दिसले.

सगुणा म्हणजे कड्यावरची घोरपड. तिच्या घराण्यात मुलं चालायच्या आधी चढायला शिकतात. सरळसोट कातळ असो, शेवाळलेली भिंत असो, ती सरसर वर. अशा सगुणानं विषय घेतला होता आरोहणशास्त्र, म्हणजे चढण्याचं शास्त्र. दोन वर्षांची पदवी. तिचं पाचवं वर्ष चालू होतं.

त्याचं असं झालं. परीक्षेत चढायचं नव्हतं. लिहायचं होतं. त्या विषयाचा ग्रंथ लिहिला होता एका रानम्हशीनं, डबक्यात बसून. त्यातली पहिलीच व्याख्या अशी : ‘ऊर्ध्व दिशेने होणारे स्वेच्छाप्रेरित, क्रमबद्ध व पृष्ठसापेक्ष विस्थापन म्हणजे आरोहण होय.’ सगुणा ‘पृष्ठसापेक्ष’पर्यंत यायची आणि तिचा पाय घसरायचा. जन्मात कधी न घसरलेला पाय.

तीनदा नापास. तिन्ही वेळा एकतीस गुण, पास व्हायला चाळीस. चौथी संधी शेवटची. यंदा हुकलं तर नाव पटावरून कायमचं कमी.

आणि नाव कमी होऊन घरी जायचं कोणत्या तोंडानं? तिच्या भावकीनं तिच्या पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवशीच कड्यावर फ्लेक्स लावला होता. ‘सगुणाताई पदवीधर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ वर सगुणाचा फोटो, खाली तेवीस शुभेच्छुकांचे. तीन पावसाळे झाले, शुभेच्छुक सगळे पुसले गेले, सगुणा तेवढी ठळक राहिली होती. आई रोज संध्याकाळी त्या फ्लेक्सखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “आता मोठं शिकतेय.”

तर सगुणाला वही मिळाली आणि एक टिटवी मिळाली.

टिटवी पहिल्या वर्षाला, येऊन चार दिवस झालेले. मैदानात दोन खड्यांच्या मध्ये बसली होती. टिटवीची जात तुम्हाला ठाऊक आहे. आकाश पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी. जिनं आकाशाचा भार घेतलाय तिला विद्यापीठाचं काय ओझं?

सगुणानं वही उघडली, घसा साफ केला.

“मी तुझी मोठी ताई. बोल, काय अडचण आहे?”

“काही नाही, ताई.”

“असं कसं? राहायची सोय?”

“इथंच, जमिनीवर.”

“छप्पर नाही?”

“आकाश आहे की. आणि ते माझ्याकडेच आहे.”

सगुणानं तो विषय सोडला. “खाण्याचे हाल असतील.”

“किडे भरपूर आहेत. तुमच्या वहीतसुद्धा दोन आहेत.”

“घरची आठवण येते का? रडू येतं का?”

“आई रोज ओरडते, इथपर्यंत ऐकू येतं. आठवण यायला सवडच मिळत नाही.”

सगुणा जवळ सरकली. आवाज खाली आणला. “कुणी मोठं मूल छळतं का गं? मोकळेपणानं सांग.”

टिटवीनं विचार केला. “तुम्ही सोडून कुणी नाही.”

आठ दिवस सगुणा तिच्या मागं फिरली. घोरपडीचा गुण काय, चिकटली की सोडत नाही. पण टिटवीला अडचण काही येईना. वहीत चार रकाने कोरडे ठणठणीत.

तेव्हा सगुणानं, विचारी विद्यार्थी करतो तेच केलं. अडचण नाही तर ती तयार करायची. पहाटे उठून तिनं व्याख्यानगृहाची पाटी फिरवली आणि बाण चिखलाच्या डबक्याकडे केला. सकाळी चाळीस नवे विद्यार्थी डबक्यात. त्यात दोन प्राध्यापकही होते, पण ते नवे नव्हते.

टिटवी मात्र वरून उडत आली, व्याख्यानगृहात गेली, कुणीच नाही म्हणून परत फिरली आणि डबक्यावर घिरट्या घालत एकेकाला हाका मारत बाहेर काढू लागली. “सशा, डावीकडे. साळिंदरा, तू मधे थांबू नकोस, सगळ्यांना टोचतोयस. सर, तुम्ही माझ्यामागून या.”

त्या दिवशी चाळीस अडचणी सुटल्या. एकही सगुणाच्या वहीत बसणारी नव्हती. नियमाप्रमाणे ज्याचा नवा त्याचीच अडचण.

सगुणा वही घेऊन एका दगडावर जाऊन बसली. घोरपड रडते की नाही, हे मी त्या भोकातून नीट पाहिलेलं नाही. पण दगड ओला होता.

टिटवी येऊन शेजारी बसली. “ताई, तुमची काय अडचण आहे?”

पाच वर्षांत हा प्रश्न सगुणाला कुणी विचारला नव्हता. ती एकदम सुटली. एकतीस गुण सांगितले. म्हशीची व्याख्या सांगितली, ‘पृष्ठसापेक्ष’पर्यंत. परीक्षेत शेपूट थडथड वाजतं, पर्यवेक्षक दोनदा रागावले, तेही सांगितलं. वर्गातली पोरं निम्म्या वयाची, त्यांच्यात बसायची लाज वाटते. फ्लेक्सचं सांगितलं. आईला खरं सांगायची भीती वाटते.

“अजून?”

सगुणानं इकडंतिकडं पाहिलं. “ग्रंथालय कुठंय ते मला ठाऊक नाही.”

“पाच वर्षांत?”

“पहिल्या वर्षी विचारायचं राहिलं. मग जुनी झाले. जुन्यानं विचारायचं असतं का कुठं?”

टिटवी हसली नाही. मी असतो तर हसलो असतो.

“तुम्ही कडा चढता कशा?” तिनं विचारलं.

“कशा म्हणजे? एक पाय घट्ट धरते. तो सोडायच्या आधी दुसरा धरते. वर बघते. झालं.”

“मग हेच लिहा.”

“पण म्हशीनं...”

“म्हशीला कोण विचारतं? तिला कड्यावर कुणी पाहिलंय?”

तिथून पुढं पंधरा दिवस टिटवी रोज शिकवायला बसली. म्हशीची व्याख्या तिनं तुकडे करून सगुणाच्या पायांशी बांधली. ‘क्रमबद्ध’ म्हणजे एकामागून एक पाय. ‘पृष्ठसापेक्ष’ म्हणजे दगड जसा असेल तशी नखं. सगुणाचे डोळे मोठे झाले. “एवढंच होय? मग सरळ का लिहीत नाहीत?” टिटवी म्हणाली, “सरळ लिहिलं तर ग्रंथ कसा होईल?”

वही भरायची राहिलीच होती. समिती दुसऱ्या दिवशी येणार होती.

“अडचणी खऱ्या आहेत, सल्ले खरे आहेत,” टिटवी म्हणाली. “लिहून टाका.”

सगुणा लिहायला बसली. पण वहीत रकाना होता फक्त नव्याच्या अडचणीचा. जुन्याला अडचण असू शकते, हे योजना करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि सल्ल्याचा रकाना होता जुन्याचा. सगुणानं आपल्या अडचणी टिटवीच्या रकान्यात लिहिल्या, टिटवीचे सल्ले आपल्या रकान्यात. दुसरीकडं जागाच नव्हती. टिटवीनं पाच सह्या केल्या. पोर लहान. रकाना म्हणजे काय चीज असते, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

समितीचा अध्यक्ष होता एक करकोचा. एका पायावर उभं राहून तो वह्या चाळत होता. बाकीच्या वह्यांत ‘अडचण : तहान लागली. सल्ला : पाणी प्यावे’ असलं काहीबाही होतं. सगुणाच्या वहीवर तो थबकला. त्यानं दुसरा पायही खाली टेकला.

“काय ही टिटवी,” तो म्हणाला. “व्याख्या पाठ होत नाही. परीक्षेत शेपूट वाजतं. वर्गात सगळे निम्म्या वयाचे. आईला खरं सांगायची भीती. पाच वर्षांत ग्रंथालय सापडलं नाही. प्रवेश यंदाचा, आणि ग्रंथालय पाच वर्षं सापडत नाही. केस फार गंभीर आहे.”

“आणि सल्ले बघा घोरपडीचे,” शेजारचा सदस्य म्हणाला. “‘लाज वाटली तर पहिल्या बाकावर बस, मागचे दिसत नाहीत.’ ‘शेपूट वाजलं तर त्याच्यावरच बस.’ ‘आईला आधी चिठ्ठी पाठव, मग तोंड दाखव.’ ‘चल, ग्रंथालय मी दाखवते.’ केवढी प्रगल्भता.”

वही कुलगुरूंकडे गेली. त्यांना सगळंच उलटं दिसत असल्यामुळे एवढ्या सभागृहात खरं काय ते फक्त त्यांनाच दिसलं : अडचणी घोरपडीच्या, सल्ले टिटवीचे. पण आपल्याला उलटं दिसतं हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून सवयीप्रमाणे त्यांनी ते मनात फिरवून घेतलं आणि सही केली.

सगुणाला उत्कृष्ट मार्गदर्शक पुरस्कार. शाल, श्रीफळ, दहा गुण. टिटवीसाठी समितीनं कळकळीनं शिफारस केली : मंदगती वर्गात घालावं, रोज सकाळी सात वाजता, आणि दुसऱ्या वर्षात सोडण्याची घाई करू नये.

सगुणानं सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. मी पाहिलं. तेवढ्यात डोळ्यांपुढं फ्लेक्स आला. नाव कमी झालं तर तो उतरवायला आईच चढेल, म्हातारपणी. त्याच क्षणी कुणीतरी उघड्या तोंडात पेढा घातला.

मग परीक्षा झाली आणि महिन्यानं निकाल लागला. सगुणाला एकसष्ट गुण, स्वतःचे, घासून पुसून. कृपेचे दहा मिळवून एकाहत्तर. म्हणजे ती वही नसती तरी ती पास झालीच होती. आता खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण शालीचं एक असतं. एकदा अंगावर पडली की उकडतं, पण काढवत नाही.

तात्पर्य : हे पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात छापायचं म्हणून विद्यापीठानं पुरस्कारप्राप्त सगुणाकडूनच लिहून घेतलं. ‘जुन्यानं हात धरला की मंदातला मंद नवाही तरतो.’ खाली नव्याची सही हवी होती. घरी निघायच्या दिवशी सगुणा शाल सावरत मंदगती वर्गाच्या दाराशी गेली. टिटवीनं कागद वाचला आणि सही केली. सगुणाला जरा बरं वाटलं. ती म्हणाली, “मनाला लावून घेऊ नकोस हं. वर्षाचाच प्रश्न आहे. आणि काही अडचण आली तर मोकळेपणानं कळव, मी ताई आहे तुझी.”

टिटवी म्हणाली, “माझी काही नाही, ताई. तुमच्याच पाच इथं माझ्या नावावर पडल्यात, त्या तेवढ्या कधी न्यायला येताय?”