किती ट्रॅव्हल हवा?

माझ्या बेल्टला आणखी एक भोक पाडून हवं होतं. चपला-बॅगा शिवणाऱ्या कोपऱ्यावरच्या कारागिराने बेल्ट उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाला, "साहेब, भोक पाडेन, पण पट्टाच उरला नाही." तिथेच, फुटपाथवर एका हाताने पँट धरून, मी ठरवलं की आपण सायकल घ्यायची.

मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारखिडकीवर बसतो. लोक येतात, नळाला पाणी नाही म्हणून ओरडतात, आणि मी त्यांना "बघतो" म्हणतो. (हा शब्द मी इतकी वर्षं वापरतोय की तो आता घरीसुद्धा आपोआप बाहेर पडतो. लग्न झाल्यापासून बायको म्हणते आहे, "अहो, एकदा कुठेतरी जाऊ या ना." मी म्हणतो, "बघतो." ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासते आणि घरी आल्यावर स्वतःचं आटवून घेते.)

आमच्या खात्यातला मीटर रीडर दर रविवारी गावामागच्या डोंगरावर सायकल चालवतो. त्याला मी सल्ला विचारला, हीच पहिली चूक. तो म्हणाला, "साधी सायकल घेऊन पाठ मोडून घेऊ नका. पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली घ्या. फुल सस्पेन्शन."

दुकानात गेलो. दुकानदार काटकुळा, पण त्याच्या पोटऱ्या अशा, की त्यांनाच वेगळं भाडं लावावं.

"किती ट्रॅव्हल हवा?" त्याने विचारलं.

"फार नाही. घर ते ऑफिस."

"तसा नव्हे हो!" तो हसला. "चाक दगडावर आदळलं की शॉकअप किती दबतो, त्याला ट्रॅव्हल म्हणतात. कमी ट्रॅव्हलची सायकल हलकी. लांबच्या, सरळ पायवाटेला आणि चढाला झकास. जास्त ट्रॅव्हलची दगडगोट्यांवरून उताराला सोफ्यासारखी. तुमच्या सगळ्या चुका पोटात घालते. पण चढाला? पॅडल मारलं की खाली बसते, जड पडते. आणि मधली सगळीकडे थोडीथोडी चालते."

चुका पोटात घालणाऱ्या वस्तूची मला फार ओढ वाटली. पण हलकी सायकलही डोळ्यांसमोरून हलेना. मग काय, जेवताना ट्रॅव्हल, आंघोळीत ट्रॅव्हल, खिडकीवर तक्रारदार समोर उभा आणि माझ्या डोक्यात मागचा शॉकअप. शेवटी दुकानदाराला गॅलरीतून फोन केला. बायको आत भाजी चिरत होती.

"हो, ट्रॅव्हलचंच बोलतोय," मी म्हणालो. "अगदी कमी नको. जरा जास्तच असू दे, आयुष्यात एकदाच करतोय... डोंगर तर हवाच!... नाही नाही, बायकोला अजून काही बोललो नाही. एकदम दारात आणून उभं करू, चकित होईल... ठीक, मग शनिवारी सकाळीच."

आत सुरीचा आवाज थांबला होता. मला वाटलं, भाजी संपली.

त्या संध्याकाळपासून बायको बदलली. न मागता दुसरा चहा मिळू लागला. ती गुणगुणू लागली. माळ्यावरची मोठी बॅग खाली आली, झटकली गेली, उन्हात ठेवली गेली. मला वाटलं, अडगळ काढते आहे. मग ती नवीन बूट घेऊन आली, चांगले जाड तळव्यांचे.

"थंडी असेल का हो वर?" तिने डोळे मिचकावत विचारलं.

तिला सगळं कळलंय, हे माझ्या लक्षात आलं. (मीटर रीडरची बायको तिच्या ओळखीची. त्यानेच सांगितलं असणार.) मीही डोळे मिचकावले. "वारा असतो. पण चढताना घाम येतो."

"चढायचंसुद्धा आहे?"

"मग! चढल्याशिवाय उतरण्यात काय मजा?"

"माझ्याने होईल ना?"

"तुझ्याने?" मी उदार झालो. "तूही एखादा फेरा मार की!"

ती खळखळून हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतोय. मला वाटलं, अशी बायको मिळायला नशीब लागतं. आम्ही दोघंही आपापल्या जागी सुखात होतो.

शनिवारी सकाळी बेल वाजली. बायको माझ्याआधी धावली. अंगात नवा ड्रेस, पायात नवे बूट, हातात भरलेली बॅग. दार उघडलं तर टेम्पोवाला.

"दोन सायकली ट्रायलला आल्यात. कुठे ठेवू?"

दोन्ही आत आल्या. एक सडपातळ, एक धष्टपुष्ट. हँडल इतके रुंद, की एक टीव्हीसमोर आडवी झाली आणि दुसरीने सोफा अडवला. आम्ही चौघं उभे होतो : मी, बायको आणि त्या दोघी.

"गाडी कुठंय?" बायकोने विचारलं.

"हीच की. म्हणजे यातली एक."

"आणि हॉटेल?"

"हॉटेल कशाला?"

इतक्यात तिचा फोन वाजला. मेहुणी होती. तिचा आवाज मुळात असा, की फोन स्पीकरवर ठेवायची गरज नसते. "ताई, निघालात का गं? फोटो पाठव हां! शेवटी नेलं म्हणायचं भावोजींनी!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग सायकलींकडे. "हो," ती म्हणाली, "निघतोच आहोत." आणि फोन ठेवला.

आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ट्रॅव्हल. डोंगर. दारात आणून उभं करू. बायकोला काही बोललो नाही.

ती बॅग उघडायला बसली. सगळ्यात वर काय होतं? माझी पाठीला लावायची मलमाची ट्यूब. माझा जादा चष्मा. माझी ती जुनी उशी, जिच्याशिवाय मला झोप लागत नाही. तिचे स्वतःचे कपडे तळाशी, घडी करून, एवढेसे. तिने एकेक वस्तू काढून सोफ्यावर ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्यांची मला सवय आहे, त्यावर मी जगतो.

"अगं, मला खरंच... आपण जाऊ ना, मी बघ—"

"बघतो म्हणू नका."

तिने ती उशी माझ्या हातात दिली. मग उठली, बुटाच्या नाड्या घट्ट बांधल्या.

"मी सुट्टी टाकलीय. सगळ्या लॅबला सांगितलंय. बहिणीला निघतोय म्हटलंय. मी खोटं बोलत नाही. काढा बाहेर त्या दोघींना."

डोंगराच्या पायथ्याशी तिने हलकी सायकल घेतली. शाळेत असताना रोज सायकलने जायची म्हणे. (हे मला तिथे, पायथ्याशी कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी विचारलंच नव्हतं.) मी धष्टपुष्ट घेतली, माझ्या चुका लक्षात घेऊन. चढ सुरू झाला आणि दुकानदाराचा शब्द न् शब्द खरा ठरला. मी पॅडल मारलं की सायकल खाली बसे, मी दम घेतला की वर येई. पुढे जाण्याचं तिच्या मनातच नव्हतं. उंटावर बसल्यासारखा मी जागच्या जागी डुलत होतो, आणि बायको वळणावळणाने वर, आणखी वर. शेवटचा टप्पा मी सायकल ढकलत नेली.

वर ती दगडावर डबा उघडून बसली होती. चेहरा लालबुंद, केस विस्कटलेले. माझ्याकडे बघून ती एकदम हसायला लागली, इतकी, की घास अडकला. मी पाठ थोपटली. खाली सगळं गाव पसरलं होतं. आमच्या खात्याची टाकी डबीएवढी दिसत होती.

"अहो, हे इतकं जवळ होतं," ती म्हणाली. "आणि आपण कधी आलो नाही."

जवळ आणखीही काय काय होतं, ते मला आत्ता दिसत होतं.

उतरताना तिने जड सायकल मागितली. "हिचाही अनुभव घेते." मी दिली. ती पाण्यासारखी वाहत गेली. मी हलकीवर. प्रत्येक दगड माझ्या मणक्यांशी वैयक्तिक ओळख करून घेत होता. वळणापलीकडे फिरायला आलेले चार-पाच म्हातारे रस्ता अडवून उभे. मी घंटी शोधली. हँडलवर डावीकडे एक बटण होतं, ते जोरात दाबलं.

ते घंटीचं नव्हतं. सीट खाली घ्यायचं होतं.

सीट भसकन खाली गेली, मी तिच्याबरोबर गेलो, गुडघे कानांजवळ आले आणि सायकल मला घेऊन म्हाताऱ्यांच्या शेजारून झुडपात शिरली. सायकलला ओरखडाही आला नाही. माझं मनगट मात्र भलत्याच दिशेला बघत होतं.

"अहो! अहो!" बायको उतारावरून परत फिरली होती. तो सगळा चढ, त्या जड सायकलवर, एका दमात. ती गुडघ्यांवर बसली, मला चाचपून पाहिलं, ओढणीने माझा हात गळ्यात बांधला.

"या वाटेला कमी ट्रॅव्हल बरोबर नाही," मी झुडपातून मत दिलं.

ती रडत होती की हसत होती, ते नीट कळेना. मला वाटतं, दोन्ही.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही खरंच गावाला गेलो. थंड हवेच्या ठिकाणी, ट्रेनने, हॉटेलात राहून. मी "बघतो" न म्हणता तिकिटं काढली आणि तिच्या हातात ठेवली. तिने ती दोनदा तपासली. (लॅबमधली सवय.) सायकलही आली, तिच्यासाठी. दुकानदाराने तोच प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, "हलकी चढाला छान, पण उतारावर हाडं खिळखिळी करते. जड उताराला राणी, पण चढावर रडवते. आपला डोंगर अर्धा चढ, अर्धा उतार. मधली द्या." मला जे महिनाभर ठरवता आलं नव्हतं, ते तिने एका सकाळीत ठरवलं. आता दर रविवारी ती मीटर रीडरच्या टोळीबरोबर जाते. मी पायथ्याशी पाण्याच्या बाटल्या धरून उभा असतो. (पाणीपुरवठा, शेवटी.)

माझ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी वेगळी सायकल सुचवली. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे ती हॉलमध्ये आहे. तिला चाकं नाहीत, ती जागची हलत नाही, तिच्या वाटेत एकही दगड येत नाही. काल तिच्यावरून उतरताना मी पडलो.

डॉक्टरांनी घोट्याकडे बघून विचारलं, "कुठे पडलात?"

"डोंगरावर," मी म्हणालो. बायकोने माझी लाज राखली, खिडकीबाहेर बघत राहिली.

डॉक्टरांनी माझ्या पायातल्या घरच्या सपातांकडे पाहिलं आणि माझ्या केसपेपरवर लिहिलं : 'हॉलमध्ये पडले.'