मार, टाक, सोड

बायको गेल्यापासून सगळे नातेवाईक म्हणत होते, "सोबतीला कुणीतरी हवं हो." पाणीपुरवठा खात्यातल्या आमच्या हेडक्लार्कांनी शेवटी ते मनावर घेतलं आणि 'सोबती' डाउनलोड केला. फुकट होता.

'सोबती' म्हणजे कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळाशेजारी चालणारं मदतनीस ॲप. ते नकाशा दाखवायचं आणि तोंडी हुकूम पाळायचं. 'मार' म्हटलं की गोळी, 'टाक' म्हटलं की बॉम्ब, 'सोड' म्हटलं की मॅच सोडून थेट बाहेर. हेडक्लार्कांना त्याची गरजच होती. (बोटं चालायची, पण खात्याच्या वेगानं. तोवर शत्रू त्यांना मारून पुढच्या कामाला लागलेला असायचा.)

हौस खेळाची नव्हतीच. परगावी नोकरीला असलेली लेक रविवारी तीन मित्रांबरोबर खेळायची आणि पाचवे म्हणून बाबांना घ्यायची. फोनवर दोघांची गाडी 'जेवलीस का' आणि 'जेवलात का' यापुढे जात नसे. पुढचं बोलणं पूर्वी तिची आई बघायची. खेळात मात्र लेक तासभर बोलायची. बहुतेक 'बाबा, तो आपलाच माणूस आहे!' एवढंच, पण बोलायची. आणि आता तिनं बजावलं होतं, "ही मॅच हरलो तर हे लोक दुसरा पाचवा बघणार आहेत. मी तरी किती सांभाळून घेऊ?"

ॲपला आधी आपला आवाज ओळखायला शिकवावं लागे. हेडक्लार्क माइकसमोर पुटपुटत असताना, घर सांभाळायला येऊन राहिलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीनं मागून झापलं, "तोंडात बोळा कोंबलाय का? असं म्हण. मार! टाक! सोड!"

"आवाज ओळखला," ॲप म्हणालं. हेडक्लार्कांना ते स्वतःचंच कौतुक वाटलं.

मॅच सुरू झाली. स्वयंपाकघरात ताई फोनवर मैत्रिणीला पाककृती सांगत होत्या.

"आणि मग मीठ टाक."

हेडक्लार्कांच्या पायाशी बॉम्ब फुटला. आपले दोन गडी गारद.

"बाबा! बॉम्ब कुणी टाकला?"

"आत्यानं."

"काय?"

"म्हणजे तिनं मीठ टाकलं गं. ताई, जरा गप्प बस ना!"

"का रे? गप्पा मारतेय, डाका नाही घालत!"

धाडकन गोळी सुटली आणि भिंतीआडून डोकावणारा शत्रू आडवा झाला. हेडक्लार्क उत्साहानं ओरडले, "मार! मार!" काहीच झालं नाही. ॲप नम्रपणे म्हणालं, "हा आवाज ओळखीचा नाही."

लेकीच्या डोक्यात प्रकाश पडला. "बाबा, आत्याला माइकपाशी आणा. बोलत राहू दे तिला!"

ताई आल्या. पण जन्मात पहिल्यांदाच कुणी बोलायला सांगितलेलं. त्यांना शब्दच सुचेना. "काय बोलू गं बाई मी?"

"बाबा, चिडवा तिला! लवकर!"

"ताई," हेडक्लार्क चाचरत म्हणाले, "घर सांभाळावं ते हिनंच. तुला काही जमत नाही."

"तिनं घर नाही रे, तुला सांभाळलं!" ताई कडाडल्या. "माझी गुणाची वहिनी! याचं आपलं, चहाचा कप कुठेही टाक, ओला टॉवेल पलंगावर टाक, काम सांगितलं की बुट्टी मार, वर थापा मार..."

टाक, टाक, मार, मार. पडद्यावर नुसता धूर. शत्रूचा शेवटचा गडी पळत सुटला.

"आणि आता या वयात हा पोरखेळ! मुकाट्यानं सो..."

हेडक्लार्कांनी झेप घेऊन थोरल्या बहिणीचं तोंड दाबलं. तेवढ्यात लेकीनं त्या शेवटच्या गड्याला टिपलं. जिंकलो!

हेडफोनमध्ये लेक हसत होती. श्वास लागेपर्यंत. हे हसू हेडक्लार्कांनी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. त्यांनी आवाज तेवढा वाढवला.

संघाचा निर्णय संध्याकाळी आला. पाचवा खेळाडू आत्या. बाबांनीही संघात राहायचं, आत्याला चिडवायला. सोबत लेकीचा मेसेज होता : "पुढच्या रविवारी मॅचआधी ओला टॉवेल पलंगावर टाकायची आठवण ठेवा."

हेडक्लार्कांनी सावकाश टाइप केलं : "त्याला आठवण लागत नाही. आत्ताही तिथेच आहे."