राजे तुळाजीराव माध्यमिक परीक्षेस बसले, ते वर्तमान

श्रीशारदा प्रसन्न. जिच्या कृपेने वाचलेले ध्यानी राहते आणि जिची नजर फिरताच प्रश्नपत्रिका हाती येते न येते तो सारे उडून जाते, त्या देवीस दंडवत घालून लेखक हे वर्तमान लिहितो. शके सतराशे एक्याण्णव, शुक्लनाम संवत्सरे, आश्विनमासी, दसऱ्याचे सोने लुटून जाहल्यावर राजे तुळाजीराव सदरेस बसले होते, आणि राणीसाहेबांचे धाकटे बंधू सुभानराव उत्तरेकडील गडाची किल्लेदारी मागावयास आले. सुभानराव शिकारीचे शौकीन, गडावर जाऊन रानडुकरांखेरीज कशाकडे पाहतील ऐसा राजांस भरवसा नव्हता. परंतु नाही म्हणावे तर राणीसाहेब आतून ऐकत होत्या. मग कारभारी मोरो अनंत यांनी राजांचे कानी सांगितले, "नाही म्हणू नये. नियम करावा." तो सल्ला राजांस फार गोड लागला, आणि तत्काळ हुकूम लिहिला की, या राज्यात ज्याने शिक्का हाती धरावा त्याने माध्यमिक शाळेची शेवटली परीक्षा उतरलेली असावी, नसेल त्याने फाल्गुनात बसावे, न उतरल्यास, उतरेतोवर शिक्का उतरलेल्या आप्ताकडे द्यावा. कारभारी आपल्या अकलेवर इतके खूष जाहले की त्यांनी शाई वाळण्यापूर्वीच दवंडीवाला बाहेर पाठविला. मग सुभानरावांनी शांतपणे शेल्यातून कागद काढिला आणि पुढे ठेविला. मामांच्या गावी राहून ते परीक्षा उतरले होते, तेही दुसऱ्या वर्गात. आणि म्हणाले, "दाजीसाहेब, गडाचे मागाहून पाहू. राज्याचा शिक्का आपले हाती आहे, तर आपण कोणत्या साली उतरलात?" राजांस इयत्ता आठवीत असता गादीवर बसविले होते, हे सदरेत सर्वांस ठाऊक होते. सर्वांनी माना खाली घातल्या, आणि बाहेर चौकात दवंडीचा ढोल वाजू लागला.

आता राजे पाठ दाखवावयाचे नव्हेत. दुसरे दिवशी पुस्तके आणविली आणि अभ्यास कोणते रीतीने करावा याची मसलत बसविली. कारभारी म्हणाले, "प्रथम वेळापत्रक. वेळापत्रक चांगले साधले म्हणजे अर्धी परीक्षा उतरल्यासारखे आहे." मग मोठा कागद आणविला, त्यास वेलबुट्टीची किनार काढिली, पहाटेस भूमिती आणि दुपारी व्याकरण ऐसी घरे पाडिली, विश्रांतीचे घर गुलाबी रंगविले, आणि या कामात कार्तिक अर्धा सरला. वेळापत्रक इतके सुरेख उतरले की लोक दुरून पाहावयास येऊ लागले, आणि त्यांस दाखविण्यात राजांची पहाटेची भूमिती बुडू लागली. मग चिटणीस गंगाधरपंत यांनी पिवळ्या शाईची रीत सांगितली: महत्त्वाचे वाक्य दिसेल त्यावर हलका हात फिरवावा. राजांस ती फार मानवली. हातात कुंचला, बाजूस विडा, आणि एकेक पान पिवळे होताना पाहून आपण विद्वान होत चाललो ऐसे मनास वाटे. परंतु राजांस सारेच महत्त्वाचे दिसे. विज्ञानाचे पुस्तक मुखपृष्ठापासून पिवळे जाहले, एका पानावर एकच ओळ कोरी राहिली, आणि मग तीच तेवढी डोळ्यांत भरू लागली. मग घोकण्याचा प्रकार आरंभिला. राजे गच्चीवर येरझारा घालीत धडा मोठ्याने म्हणत, एकदा, दोनदा, दहादा, आणि खाली पागेतले मोतद्दारदेखील आम्लाचे आणि अल्कलीचे गुणधर्म म्हणत घोडे खरारू लागले.

मार्गशीर्षी कारभारी म्हणाले, आता सराव परीक्षा घ्यावी. सदर भरली आणि कारभाऱ्यांनी हात जोडून विचारले, "आपल्या राज्यातील मोठी नदी कोणत्या दिशेस वाहते, ते सांगावयाची कृपा व्हावी." राजे म्हणाले, "पश्चिमेस." नदी पूर्वेस वाहते. मग गंगाधरपंत म्हणाले, "वाहवा! उगमापाशी उभे राहून मागे वळून पाहिले तर पश्चिमेसच म्हणावे लागेल." आणि कारभारी म्हणाले की, सरकारांचे मुखातून निघाले आहे तर नदीस ताकीद देता येईल. ऐसे करीत राजांस शंभरापैकी शंभर गुण पडले आणि पेढे वाटिले.

राजे त्यांतला एक पेढा घेऊन आपल्या कन्येकडे गेले. कन्येचे नाव गोजराबाई, घरी आक्कासाहेब म्हणत, आणि त्याही त्याच साली त्याच परीक्षेस बसणार होत्या. माडीवर पाहतात तो आक्कासाहेब पुस्तक मिटून पाटीवर काही लिहीत होत्या, मग पुस्तक उघडून पाटीशी ताडून पाहत होत्या आणि आपलेच लिहिलेले खोडीत होत्या. राजांस वाईट वाटले. म्हणाले, "आक्कासाहेब, किती या चुका! आम्हांस आज शंभर पडले."

"विचारले कोणी, आबासाहेब?"

"कारभाऱ्यांनी."

आक्कासाहेबांनी पेढा घेतला, खाल्ला, आणि म्हणाल्या, "मग मी विचारते. पुस्तक मिटून सांगा. झाडाचे पान आपले अन्न कसे करते?"

हा धडा राजांनी गच्चीवर दहादा म्हटला होता. पिवळे पान डोळ्यांसमोर उभे राहिले, कोपऱ्यातला शाईचा डाग दिसला, परंतु डागाशेजारी काय लिहिले होते ते येईना. "ऊन," राजे म्हणाले. मग म्हणाले, "पाणी." मग पुढे काहीच निघेना. आक्कासाहेब वाट पाहत राहिल्या, वाहवा म्हणाल्या नाहीत. राजांचे कान लाल जाहले. "आम्हांस येत होते! तुम्ही मधेच विचारलेत म्हणून गेले."

"परीक्षेतही मधेच विचारतात," आक्कासाहेब म्हणाल्या. "येत होते ते पुस्तक समोर होते म्हणून. माझेही तसेच होते. ओळखीचे दिसते म्हणजे आपणांस येते ऐसे वाटते. म्हणून मिटून पाहते. येथे चुकले तर कोण हसणार?"

राजे ताडकन उठून गेले. दोन दिवस माडीकडे फिरकले नाहीत, आणि थाळा आला तर भाजी खारट आहे म्हणाले, वास्तविक खारट नव्हती. लेखकास ऐसे वाटते की राजांस न आल्याचे दुःख थोडे आणि कोणी न आल्याचे दाखविल्याचे फार; कारण आठवीतून उठून गादीवर बसल्यापासून त्यांस चूक हा शब्द कोणी ऐकविला नव्हता. तिसरे दिवशी सकाळी राजे एकटेच बसले, विज्ञानाचे पिवळे पुस्तक मिटले, कागद घेतला आणि पान अन्न कसे करते ते आठवून लिहू लागले. तीन ओळी जाहल्या. उघडून पाहिले तो त्यांतली एक चुकीची. मग राजे कागद घेऊन माडीवर गेले आणि दाराशी उभे राहून म्हणाले, "आक्कासाहेब, दोन बरोबर आहेत."

तेव्हापासून बापलेक रोज एकत्र बसू लागले. मिटून सांगावयाचे, चुकावयाचे, पाहावयाचे. आज आलेला धडा चार दिवसांनी पुन्हा विचारावयाचा, म्हणजे निम्मा गेलेला असे, मग तो पुन्हा आणावयाचा. आणि गणिते एकाच जातीची ओळीने न करिता मिसळून करावयाची, म्हणजे कोणती रीत लावावी हेही ओळखावे लागे. यात सुख काही नव्हते. पिवळ्या शाईने मन कसे तृप्त होई; यात रोज अपमान होई, आणि राजे रोज म्हणत की आम्ही पूर्वीपेक्षा मठ्ठ होत चाललो. परंतु एके दिवशी आक्कासाहेब एका प्रमेयापाशी अडल्या. राजांनी ते आदले दिवशीच सात ठिकाणी चुकून सोडविले होते. मग राजे समजावू लागले, आणि मधेच थांबले, कारण हा कोन त्या कोनाएवढा का, हे आपणांसही कळलेले नाही ऐसे बोलता बोलता ध्यानी आले. दोघे जमिनीवर पालथे पडून आकृती काढीत बसले आणि संध्याकाळी कोन जुळला, तेव्हा राजांनी इतक्या मोठ्याने आरोळी दिली की पहारेकरी भाले घेऊन धावत आले.

एका विषयात मात्र राजे ऐकेनात. आक्कासाहेब म्हणाल्या, "आता इतिहास विचारते." राजे हसले आणि म्हणाले, "तो तर आमचे घरचा. आजोबांची नदीकाठची लढाई आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतो. त्यात विचारण्याजोगे काय आहे?" आक्कासाहेबांनी दोनदा आग्रह केला, मग सोडून दिला.

फाल्गुनात परीक्षा आली. राजे शाळेत इतरांसारखेच बाकावर बसले, गुडघे बाकात मावेनात, आणि मंदील काढून बाजूस ठेवावा लागला, कारण मागच्या मुलीस फळा दिसेना. गणित बरे गेले. विज्ञानात पान आपले अन्न कसे करते हेच आले, आणि सारे लिहून निघाले. मग इतिहासाची पत्रिका आली. नदीकाठच्या लढाईची कारणे आणि तहाची कलमे लिहा. राजांस हत्तींची नावे ठाऊक होती, कोणाची पगडी कोठे पडली तेही ठाऊक होते, परंतु कारण काय आणि तहात काय ठरले, ते येईना. सारे माहीत आहे ऐसे वाटत राहिले आणि कागदावर काही उतरेना. शेवटी लिहिले, "लढाई मोठी जाहली." मग पर्यवेक्षक मास्तरांस हळूच विचारले, "हत्तींची नावे लिहिली तर गुण मिळतात काय?" मास्तर म्हणाले, "बोलू नये. आपल्या कागदाकडे पाहावे." आणि राजांनी कागदाकडे पाहिले.

वैशाखात निकाल लागला. आक्कासाहेब पहिल्या वर्गात उतरल्या. राजे गणितात, विज्ञानात, भाषेत उतरले आणि इतिहासात शंभरापैकी एकोणतीस पडून राहिले. सदरेत एकच गलका जाहला. कारभारी म्हणाले, तपासनिसास पकडून आणावे. गंगाधरपंत म्हणाले, एकोणतीस नसून ब्याण्णवच आहेत, अंक उलट पडले आहेत. राजे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तपासनीस चुकला नाही. आम्ही चुकलो. आम्हांस येत नव्हते." ऐसे शब्द त्या सदरेत पूर्वी कोणी ऐकिले नव्हते. कारभारी आणि गंगाधरपंत आपापल्या जागी बसले. मग राजांनी आपले हाताने शिक्का सुभानरावांचे पुढे ठेविला आणि माडीवर गेले. आक्कासाहेब दाराशी उभ्या होत्या, डोळे भरलेले. म्हणाल्या, "आबासाहेब, मी अजून थोडा हट्ट धरावयास हवा होता." राजे म्हणाले, "धरला होता, आक्कासाहेब. आता बसा आणि विचारा. कारणांपासून."

मग सुभानरावांचा कारभार सुरू जाहला. पहिले दिवशी त्यांनी शिक्का फिरवून फिरवून पाहिला. दुसरे दिवशी दोन गावांच्या पाणवठ्याचा तंटा आला, तिसरे दिवशी तोच तंटा पुन्हा आला, आणि शिकारीचा हंगाम डोळ्यांदेखत निघून चालला. आठ दिवस सरतात न सरतात तो सुभानराव सकाळीच माडीवर आले, बैठक मारली आणि म्हणाले, "आक्कासाहेब, तुम्ही थकलात, मी विचारतो. दाजीसाहेब, तहाचे तिसरे कलम?" राजे बोलू लागले. "अर्धे राहिले. पुन्हा." ऐसे रोज. राणीसाहेब सुपारी कातरीत ऐकत बसत, आणि भाऊ फार सक्ती करू लागला म्हणजे म्हणत, "हळू रे, माणूसच आहेत ते." आषाढात पुरवणी परीक्षा जाहली, तेव्हा सुभानराव शाळेच्या दाराशी अनवाणी येरझारा घालीत होते, आणि राजे बाहेर येताच त्यांनी कसे गेले ते न विचारता कलमेच विचारली.

येणेप्रमाणे राजे तुळाजीराव त्रेसष्ट गुणांनी उतरले, शिक्का परतला, सुभानराव त्याच दिवशी रानात गेले, आणि किल्लेदारीचे नाव पुन्हा काढिले नाही. पुढे कोणी परीक्षेचे विचारले तर राजे स्वतः सांगत, आणि आधी एकोणतीस सांगत.