सरांनी उबवलेला पिझ्झा

"आज माझ्या हातचा पिझ्झा खाऊन साडूने बोटं चाटली नाहीत, तर इतिहास शिकवणं सोडून देईन!" इतिहासाच्या सरांनी सकाळी सकाळीच जाहीर करून टाकलं.

मागच्या खेपेला साडूने त्यांचा पिझ्झा दोन्ही हातांत धरून वाकवून पाहिला होता आणि सगळ्यांदेखत विचारलं होतं, "सर, याला बिजागऱ्या लावल्या तर कपाटाचं दार होईल का हो?" सगळे खो खो हसले. सरांची बायकोसुद्धा! तेव्हापासून सरांच्या जिवाला चैन नव्हतं.

मग त्यांनी पाककृतींचा इतिहासच वाचून काढला.

"अगं, जुन्या पाककृतींत वजन नाही, वेळ नाही! मैदा लागेल तेवढा, पाणी पुरेल इतकं, आणि फुगेपर्यंत थांबा. बस्स!"

"म्हणजे लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हतं," बायको चप्पल घालत म्हणाली.

"त्याच्या हाताला माहीत होतं! मापं आली आणि माणसाचा हात मुका झाला!"

हे वाक्य सरांना इतकं आवडलं की बायको कामाला गेल्यावर त्यांनी ते एकट्यानेच पुन्हा म्हणून पाहिलं. मग मुक्या हाताने यीस्टही लागेल तेवढं घातलं आणि पीठ मळलं.

पण त्या दिवशी गारठा असा, की पीठ ढिम्म हलेना. सरांनी डोकं चालवलं. जुन्या लोकांकडे कुठे हीटर होते? मग त्यांच्याकडे ऊब कुठली होती? स्वतःच्या अंगाची! सरांनी पीठ तेल लावलेल्या पिशवीत घातलं, पिशवी पोटावर ठेवली, वरून मफलर करकचून बांधला आणि त्यावर शर्ट चढवला. असली युक्ती साडूला सात जन्मांत सुचली नसती!

तेवढ्यात आठवलं, नव्या कोटाचं माप बघायला टेलरमास्तरांनी आजच बोलावलंय. दुकान नेमकं साडूच्या घराखाली! आणि मास्तरांच्या कानावर पडलेली गोष्ट हातातली सुई खाली पडायच्या आत वरच्या मजल्यावर पोचलेली असायची. काही झालं तरी बोलायचं नाही, असं ठरवून सर गेले.

कोटाचं बटण काजापासून वीतभर लांब राहिलं. मास्तरांचा चेहरा उतरला.

"अशक्य! माझी टेप आजवर चुकली नाही!" त्यांनी कंबर मोजली. कपाळावरचा घाम पुसून परत मोजली. "सर! तुम्ही वाढताय!"

"जेवण जरा जास्त झालं."

"आत्ता? माझ्यासमोर?" मास्तरांनी घाबरत घाबरत सरांच्या पोटात बोट खुपसलं. बोट बाहेर आलं, पण खड्डा तसाच राहिला! मास्तरांची बोबडीच वळली. दाराबाहेर जाऊन त्यांनी वर तोंड करून आरोळी ठोकली, "साहेब, खाली या! सर सुजले!"

साडू बनियनवरच धावत आला. सरांचा अवतार पाहून बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"सर, घाबरू नका, मी आहे ना! हॉस्पिटलला जाऊ."

"नको! घरी सोडा. घरी औषध आहे."

गाडीत साडूने मायेने हीटर पूर्ण सोडला. पिठाची चंगळ झाली! शर्टाचं एक बटण तुटून काचेवर आपटलं.

"सर, फार दुखतंय का हो?"

"नाही," सर म्हणाले. आता त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरी पोचताच सर बाथरूममध्ये शिरले आणि बाहेर आले ते सडपातळ होऊन.

"गॅस होता. गेला."

"एवढा?" साडू दोन पावलं मागे सरकला.

संध्याकाळी साडू आणि मेहुणी जेवायला आले. पिझ्झा पाहून सरांचा ऊर भरून आला. कडा टम्म फुगलेल्या, खाली खरपूस, आत कापसासारखा मऊ! साडू एक शब्द न बोलता खात सुटला. तुकड्यामागून तुकडे गेले. शेवटी त्याने खरोखरच बोटं चाटली. सरांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू लढाई जिंकून आलेत.

"सर, आता खरं सांगा," साडू म्हणाला, "कुठल्या दुकानातून मागवला?"

"मागवला? मी केलाय! या हातांनी!"

"काहीतरीच! दुपारभर तुम्ही आजारी. मीच आणून सोडलं तुम्हाला. पीठ फुगायला वेळ लागतो, एवढं मलाही कळतं. मग तुमचं पीठ तेव्हा होतं कुठे?"

सगळे सरांकडे बघायला लागले. सरांनी साडूच्या हातातल्या, अर्ध्या खाल्लेल्या तुकड्याकडे पाहिलं. मेहुणीच्या भरल्या तोंडाकडे पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"चौकापलीकडच्या दुकानातून मागवला," सर म्हणाले.

"बघा! मी म्हटलं नव्हतं? घरी असला पिझ्झा होणं शक्यच नाही!" साडूने तृप्तीची ढेकर दिली. "सर, उद्या माझ्याकडे पाहुणे येणारेत. त्याच दुकानातून असलेच चार मागवून द्याल का?"

सर मुकाट्याने उठले आणि मैद्याच्या डब्यात डोकावले. मैदा भरपूर होता. पोट मात्र एकच होतं.